भुंग्याचा डोळा

४ फेब्रुवारी

वकीलबाईंनी सांगितलंय, रोज लिहीत जा. तारीख घाला, घडलं ते घाला, रडगाणं घालू नका, पुढे कोर्टात कामाला येतं. मी म्हटलं, रडगाणं वगळलं तर माझ्याकडे दोन ओळी उरतील. त्या हसल्या नाहीत.

तर दोन ओळी. नवऱ्याचं घर सोडून, आठ वर्षांच्या चिंगीला घेऊन मी या गावात येऊन राहिले आहे. त्याने आमच्या जवळ फिरकायचं नाही असा कोर्टाचा आदेश आहे आणि तो मी पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय. वकीलबाई म्हणतात, त्याला 'प्रतिवादी' लिहा. मी 'तो' लिहिणार. इतकी वर्षं संसार केल्यावर एवढी सूट मिळायला हरकत नाही.

तो मोबाइलच्या मनोऱ्यांवर चढून यंत्रं दुरुस्त करतो. 'माझ्या घरात रेंज नाही असा एक कोपरा दाखवा,' असं पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. पाहुणे माना डोलवायचे. स्वयंपाकघरात घड्याळामागे कॅमेरा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. दुपारी फोन यायचा, 'गॅसपाशी का नाहीस?' हात त्याने एकदाच उचलला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून मी त्या हाताची वाट बघत होते. मग एक दिवस चहा पिता पिता म्हणाला, 'चिंगीला घेऊन कुठेही जा. मी तिला शोधून परत आणीन. तुला नाही आणणार.' आवाज जराही चढवला नाही. त्या वाक्यावर मी घर सोडलं.

इथे दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. नोकरी चष्म्याच्या दुकानात, काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. मालकीणबाई कोरड्या आहेत पण सरळ आहेत. घाबरायचं इथे अजून तरी काही कारण नाही. तरी जिन्यात पाऊल वाजलं की माझा हात आपोआप कडीकडे जातो.

६ फेब्रुवारी

चिंगीच्या दप्तराचा तळ आज साफ केला. निघताना तिला सांगितलं होतं, तुला हवं तेवढंच घे, दप्तरात मावेल इतकं. बाईसाहेबांनी काय घ्यावं? भुंग्याचा रिमोट!

भुंगा म्हणजे त्यांचं ड्रोन. बापलेकीने रविवारचे रविवार खपून घरी जोडलेलं. चार पंखे, मधे पोट आणि कपाळावर एक हिरवा दिवा, त्याला चिंगी डोळा म्हणते. भुंगा तिकडे कपाटावर राहिला आणि रिमोट इकडे आला.

'अगं, नुसता रिमोट घेऊन करशील काय?'

'भुंगा मावत नव्हता,' ती म्हणाली.

मला हसू आलं आणि लगेच रडूही. तिचं बापावर प्रेम आहे. ते मी तिच्यापासून काढून घेऊ शकत नाही, आणि घेऊही नये.

मग ती त्यांच्या खेळाचं सांगत बसली. चिंगी रिमोट चालू करून कॉलनीत कुठेतरी लपायची. तो भुंगा हातात धरून तिला शोधत फिरायचा. रिमोट लांब असला की भुंग्याचा डोळा लुकलुकतो, टप्प्यात आला की स्थिर होतो. शिवाय त्याने भुंग्याच्या पोटाला एक छोटीशी आकड्यांची पट्टी जोडली होती. आकडा वाढला की चिंगी जवळ. 'मी टाकीमागे लपले तरी बाबा सरळ चालत यायचे. इकडे तिकडे बघायचेसुद्धा नाहीत, आकड्याकडेच बघायचे.'

'मग तू धप्पा द्यायचास की मागून जाऊन.'

'धप्पा कसा देणार? मी मागून गेले तर आकडा नाही का वाढणार? बाबांच्या लपंडावात धप्पा नसतोच.'

धप्पा नसलेला लपंडाव. त्याला शोभेल असाच खेळ आहे. रिमोट मी तिच्याकडे राहू दिला. बिचारीकडे दुसरं खेळणं तरी कुठे आहे.

८ फेब्रुवारी

आईला फोन केला. गेल्या खेपेला तिने फारच गळ घातली म्हणून गावाचं नाव सांगितलं होतं. गल्ली नाही, दुकान नाही. आई ती आई, तिच्यापासून सगळंच लपवलं तर तिचा जीव राहायचा नाही.

'खिडकीतून काय दिसतं गं?' तिने विचारलं. लग्नानंतर पहिल्या फोनवरही तिने हेच विचारलं होतं. लेक कुठे उभी आहे ते तिला डोळ्यांपुढे आणायचं असतं. मी सांगितलं, पाण्याची निळी टाकी, रंगाचं दुकान, दुकानाच्या पाटीवर माणसाएवढा ब्रश.

'हवा बरी आहे ना? आणि बघ हो, रागाच्या भरात केलेलं पुढे निस्तरता येत नाही.' हे तिचं नेहमीचंच. आईला सगळ्यांचीच काळजी असते.

१२ फेब्रुवारी

घाईत लिहितेय. अक्षर वाईट येईल.

चिंगी संध्याकाळी खिडकीत बसून रिमोटच्या दांड्या फिरवत होती. तो चालू केला की एक शीळ घालतो आणि पडद्यावर 'संपर्क नाही' असं येतं. मला त्या शिळेची सवय झाली आहे. आज शीळ झाली आणि पाठोपाठ दुसरी झाली.

'आई! भुंगा जागा आहे!'

मी कणकेच्या हातानेच धावले. पडद्यावर एक काडी होती, फोनच्या रेंजची असते तशी. शेजारी बॅटरीचं चित्र. 'ही भुंग्याची बॅटरी,' चिंगी म्हणाली, 'भुंगा चालू असला तरच दिसते.' मी बघत असतानाच काडी गेली आणि 'संपर्क नाही' परत आलं.

चिंगी टाळ्या पिटत होती. यंत्र आहे, बिघडलं असेल, असं तिला म्हटलं. स्वतःलाही तेच म्हणतेय. बिघडलंच असू दे.

१३ फेब्रुवारी

रिमोट घेऊन गॅरंटीकडे गेले. गॅरंटी म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्त करणारा. प्रत्येक गिऱ्हाइकाला 'करून देतो, पण गॅरंटी नाही' म्हणतो म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात. बोलका आहे. रिमोट बघून खूष झाला, कारण तोही सुट्टीच्या दिवशी मैदानावर ड्रोन उडवतो.

त्याने दुपारभर खटपट केली. बॅटरी बदलली. अँटेना काढून पुसून परत लावला. शेजारच्यांचा गोंधळ शिरत असेल म्हणून आजूबाजूच्या दुकानांचं वायफाय बंद करायला लावलं, तर सलूनवाला अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक सोडून भांडायला आला. मग गॅरंटीने स्वतःचं ड्रोन चालू करून रिमोटसमोर धरलं. रिमोट ढिम्म. त्याच्याकडे अजून दोन ड्रोन होती. त्यांनाही याने ओळख दाखवली नाही.

'बघा ताई,' तो म्हणाला, 'यांची जोडी बांधलेली असते. एकदा बांधली की हा दुसऱ्या कुणाला हाक मारत नाही, न् तो दुसऱ्या कुणाला ओ देत नाही. लग्नच म्हणा ना.'

'सुटत नाही का?'

'सुटते की. पण दोघंही समोर लागतात.'

एरवी मी हसले असते.

'मग काल कुणाची ओ आली?'

'ज्याची यायला पाहिजे त्याचीच. रिमोटमध्ये काही बिघाड नाही, ताई. तुमचं ते ड्रोन काल इथून एक-दोन किलोमीटरच्या आत चालू होतं.' आणि पुढे म्हणाला, 'गॅरंटी.'

'नाही' म्हणाला नाही. मी वाट बघितली, पण म्हणाला नाही.

१४ फेब्रुवारी

वकीलबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, शीळ हा पुरावा होत नाही. तो आदेश मोडून तुमच्यासमोर आला, कुणी पाहिलं, तर पोलीस त्याला धरू शकतात.

'आणि समोर आल्यावर उशीर झालेला असला तर?'

त्या म्हणाल्या, मुलीला एकटीला सोडू नका.

इतक्या गावांतून त्याला हेच गाव कसं मिळालं? डोकं फोडून घेतलं तरी कळत नाही. बसमध्ये कुणी ओळखीचं होतं का? शाळेचा दाखला मागवला त्यावरून? आठवून आठवून रात्रीची झोप गेली आहे. आज दुकानात उजवी काच डावीकडे बसवली. मालकीणबाईंनी नुसतं वर बघितलं.

१६ फेब्रुवारी

एक गोष्ट सुचली आहे आणि त्यामुळे थोडा धीर आलाय. भुंगा जवळ आला की रिमोट शीळ घालतो. म्हणजे तो कुठे आहे हे मला कळतं! उंदरांच्या सभेत मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे आलं नव्हतं, इथे मांजर स्वतःच घंटा बांधून फिरतंय.

रोज संध्याकाळी दुकानातून आले की खिडकीत रिमोट चालू करून ठेवायचा. 'संपर्क नाही' दिसलं तरच जिना उतरायचा. गॅरंटीने त्याला मोठी बॅटरी घालून दिली, आता रात्रभर चालतो. माझ्या घरात एक राखणदार आला म्हणायचा.

आज शीळ नाही.

१७ फेब्रुवारी

एक काडी. बराच वेळ होती. दिवा मालवून बसलो.

१८ फेब्रुवारी

दोन काड्या. टाकीच्या पलीकडे कुठेतरी असेल, असं चिंगी म्हणते. ती हे इतक्या सहज म्हणते की माझ्या अंगावर काटा येतो.

शाळेचा रस्ता बदलला. बेकरीच्या मागून जातो. चिंगीला सांगितलं, तिकडे मांजराची पिल्लं आहेत. आता ती रोज पिल्लं शोधते आणि रोज माझ्यावर रुसते.

आईचा फोन. 'आवाज बारीक लागतोय गं,' म्हणाली. मी काही सांगितलं नाही, उगाच तिला घोर. तीच सांगत बसली की त्याची तब्येत फार उतरली आहे, दाढी वाढवली आहे, डोळे खोल गेलेत. मी विचारलं, तुला काय माहीत? 'असंच, कुणीतरी म्हणालं,' म्हणाली. ज्याने छळलं त्याच्याही तब्येतीची चौकशी ठेवते. मी इतकी मोठ्या मनाची नाही.

२० फेब्रुवारी

तीन काड्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला आणि मला वाटलं भुंगा खिडकीशी आला. मी चिंगीला ओढून टेबलाखाली घातलं, तिचं डोकं टेबलाच्या कडेला आपटलं. टेंगूळ आलंय. ती रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. तिच्या त्या बघण्याची मला लाज वाटली.

खिडकीचा पडदा शिवला. रिमोट पडद्याच्या आत चालूच ठेवलाय. तो जवळ येतोय हे कळल्यावाचून मला श्वास घेता येत नाही, आणि कळल्यावरही घेता येत नाही. पण न कळण्यापेक्षा हे बरं.

२१ फेब्रुवारी

आज जे कळलं ते नीट लिहिते.

चिंगीला शाळेतून आणल्यावर मी नेहमीसारखा रिमोट खिडकीत ठेवला आणि बटण दाबलं. दोन शिळा. चिंगी जमिनीवर चित्र रंगवत होती. मान वर न करता तिने विचारलं, 'आई, आपण बाबांबरोबर लपंडाव खेळतोय का?'

'नाही गं. असं का म्हणतेस?'

'मग तू रोज रिमोट का चालू करतेस? त्याशिवाय भुंग्याचा डोळा स्थिर होत नाही.'

मी जागच्या जागी उभी राहिले. तिने मला सगळं सांगितलं होतं. गॅरंटीनेही सांगितलं होतं, हा हाक मारतो आणि तो ओ देतो. हाक मारणारी मी होते! मी रोज संध्याकाळी, न चुकता, खिडकीत उभी राहून त्याला हाक मारत होते. मी इथे आहे, अजून इथेच आहे, ये, थोडा आणखी जवळ ये. घंटा माझ्याच गळ्यात होती आणि मीच ती वाजवत होते. वर मोठी बॅटरी घालून घेतली, रात्रभर वाजावी म्हणून.

रिमोट बंद केला. बॅटरी काढून पिठाच्या डब्यात पुरली, जणू ती बाहेरही शीळ घालील. मग मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले. इतकी भीती मला त्याच्या घरातही कधी वाटली नव्हती. तिथे निदान दार त्याने लावलेलं असायचं. इथे त्याच्यासाठी मी स्वतः उघडून दिलं होतं.

२२ फेब्रुवारी

सुट्टी घेतली. चिंगीला शाळेत पाठवलं नाही. दुपारी दारावर टकटक झाली आणि मी चाकू घेऊन दाराशी गेले. गॅरंटी होता. चाकूकडे बघून म्हणाला, 'कांदा चिरत होतात का?'

तो आत आला नाही, उंबऱ्यातूनच बोलला. सकाळी त्याच्या दुकानात एक माणूस येऊन गेला होता. दाढीवाला, मृदू बोलणारा, छातीशी पिशवी धरलेली. 'माझ्या मुलीचा ड्रोनचा रिमोट हरवलाय, कुणी दुरुस्तीला आणला होता का?'

'मी म्हटलं, आमच्याकडे येतात ते टीव्हीचे रिमोट, न् तेही बायकोने फेकून मारलेले. हसला. फार गोड हसला, ताई. मग समोरच्या रंगाच्या दुकानात गेला विचारायला.'

म्हणजे हीच गल्ली त्याला मिळाली. आता फक्त जिना उरला. गॅरंटी म्हणाला, 'गाडी आणू का? कुठे सोडू तुम्हाला?'

कुठे? पुढच्या गावात पुन्हा खोली बघायची, पुन्हा चष्म्याच्या काचा घासायच्या, पुन्हा पडदा शिवायचा. चिंगी तिथे कुठली पिल्लं शोधणार? दारात उभ्या उभ्या मला तिचं ते आठवलं, बाबा इकडे तिकडे बघत नाहीत, आकड्याकडेच बघतात. धप्पा द्यायला ती जाऊ शकत नव्हती, कारण रिमोट तिच्याच हातात असायचा. पण रिमोट एकीच्या हातात असला आणि मागून दुसरंच कुणी आलं तर?

'गाडी आणा,' मी म्हटलं. 'पण उद्या सकाळी, आत्ता तो खालीच फिरत असेल. पोलीस चौकीत सोडा.'

२३ फेब्रुवारी

चिंगीला मालकीणबाईंकडे ठेवलं. मी कारण सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, 'दुकानाचं शटर आतून लावून घेते, तू जा.' बस्स, एवढंच. कोरड्या म्हटलं होतं मी त्यांना.

चौकी म्हणजे बाजाराच्या रांगेतल्या शेवटच्या दोन खोल्या. पाटी मोठ्या रस्त्यावर, मागचं दार बोळात. हवालदारबाई डबा उघडत होत्या. टेबलावर मी रिमोट ठेवला तर म्हणाल्या, 'खेळण्याची तक्रार लहान मुलांकडूनसुद्धा घेत नाही हो आम्ही.'

मी प्लास्टिकच्या पिशवीतून कोर्टाचा कागद काढला. मग सांगायला लागले, घड्याळामागच्या कॅमेऱ्यापासून. मधेच आवाज फुटला, तरी थांबले नाही. गॅरंटी मधून मधून तांत्रिक भर घालत होता. हवालदारबाईंनी डब्याचं झाकण लावलं. कागद वाचला, पुन्हा वाचला.

'येईल तो?'

'शीळ वाजली की येईल.'

'मग बोलवा,' त्या म्हणाल्या. 'तुम्ही मुलीपाशी मालकीणबाईंकडे गेलात तरी चालेल. नुसता रिमोट ठेवा.'

मी नाही म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. पळून पळून पायांना कंटाळा आला असावा. मागच्या खोलीत, बोळाच्या दाराकडे तोंड करून बाकावर बसले, मांडीवर रिमोट. गॅरंटी पुढच्या खोलीत. दार उघडं, आणि दाराच्या फळीमागे हवालदारबाई. बॅटरी पिठाने माखलेली होती, ओढणीने पुसून घातली.

एक शीळ. 'संपर्क नाही.' बराच वेळ तसंच. बाहेर कुणीतरी पेट्या उतरवत होतं. मला वाटलं, तो गेला असेल, कंटाळला असेल, आणि ते वाटून बरंही वाटेना. मग दुसरी शीळ झाली.

एक काडी. दोन काड्या. परत एक. तो चुकीच्या बाजूला वळला असणार. मग दोन, तीन. 'बटण बंद कर, अजून वेळ आहे,' असं मन ओरडत होतं. अंगठा बटणावर होता. मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. चार काड्या, आणि बोळात पावलं. घाईची नाहीत. त्याची पावलं मी झोपेतही ओळखते.

तो दारातून आत आला तेव्हा मान खाली होती. दोन्ही हातांत भुंगा धरलेला, पोटाला ती आकड्यांची पट्टी, कपाळावर हिरवा डोळा स्थिर. त्याने ना पाटी बघितली होती, ना भिंतीवरच्या टोप्या बघितल्या. आकडा वाढायचा थांबला तेव्हा त्याने मान वर केली आणि हसला.

'सापडलीस,' तो म्हणाला. चहा पितानाचाच आवाज. 'चिंगी कुठे आहे?'

उत्तर द्यायची गरज पडली नाही. मागून त्याच्या खांद्यावर हात पडला.

'बसा,' हवालदारबाई म्हणाल्या. 'पाणी घेणार?'

धप्पा. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं. त्याला ऐकू गेलं असेल, कारण त्या क्षणी पहिल्यांदा त्याचा चेहरा बदलला.

त्याने आरडाओरडा केला नाही. मुलीला फक्त डोळे भरून बघायला आलो होतो, असं तो फार सभ्यपणे सांगत होता. हवालदारबाईंनी त्याच्या खांद्याची पिशवी टेबलावर उलटी केली. चिंगीचा जुना स्वेटर निघाला, तिची आवडती बिस्किटं निघाली आणि संध्याकाळच्या बसची तिकिटं निघाली. एक मोठ्याचं, एक अर्धं.

मी ते अर्धं तिकीट बघत किती वेळ बसले होते कोण जाणे. गॅरंटीने हाताला धरून उठवलं.

२५ फेब्रुवारी

चिंगीला सांगितलं. खोटं सांगायचं नाही असं ठरवलं होतं. ती म्हणाली, 'तू चीटिंग केलीस. रिमोट तुझ्याकडे आणि धप्पा दुसऱ्याने दिला.'

'हो,' मी म्हटलं.

ती पाठ करून झोपली. तिचंही बरोबर आहे. तिचा बाप हरलाय आणि तिच्या आईने त्याला हरवलंय, आणि तिला दोघंही हवे आहेत. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिने तो झटकला नाही.

भुंगा आणि रिमोट दोन्ही पोलिसांकडे आहेत. गॅरंटी म्हणाला, आता दोघंही समोर आहेत, हवी तर जोडी सोडवून टाकू. वकीलबाई म्हणाल्या, पुराव्याला हात लावायचा नाही. आणि हसल्या. पहिल्यांदाच.

२८ फेब्रुवारी

वकीलबाईंच्या सांगण्यावरून खोली बदलली. गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तो आत किती दिवस राहील हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून.

सामान लावताना चिंगीने विचारलं, 'आई, भुंगा तर दोन किलोमीटरपर्यंतच ऐकतो ना? मग आधी बाबांना हे गाव कसं कळलं? आणि रंगाचं दुकान?'

मी म्हटलं, माहीत नाही. चादर झटकत राहिले. एकच चादर झटकत राहिले.

मला माहीत होतं. केव्हापासून ते विचारू नये. दाढी वाढली आहे, डोळे खोल गेलेत, हे समोर बसल्याशिवाय कुणाला दिसतं?

संध्याकाळी आईचा फोन आला. ती रडत होती. जावयाला चौकीत बसवलं, चार माणसांत अब्रू गेली, तो बिचारा नुसता लेकीला बघायला आला होता, तसं त्याने तिला वचन दिलं होतं. हे सगळं ती बोलून गेली आणि आपण काय बोलून गेलो हे तिला कळलंसुद्धा नाही. मला तिच्यावर ओरडायचं होतं. अर्ध्या तिकिटाचं सांगायचं होतं. पण ती माझी आई आहे, तिने संसार सांधायलाच घेतला होता, तिला आयुष्यात दुसरं काही शिकवलंच नव्हतं कुणी. मी तिला रडू दिलं.

रडणं थांबल्यावर तिने नाक पुसलं आणि विचारलं, 'आता खोली बदलली असशील. बरी आहे ना? खिडकीतून काय दिसतं गं?'

समोर एक शाळा आहे. शाळेच्या भिंतीवर मुलांनी हत्ती रंगवलाय, त्याला पाच पाय आहेत. चिंगी तो बघून आज बऱ्याच दिवसांनी खळखळून हसली होती. आईलाही फार हसू आलं असतं.

'या खोलीला खिडकीच नाही, आई,' मी म्हटलं, आणि खिडकीशी उभी राहून तिचं बाकीचं बोलणं ऐकत राहिले.